शाळेत समुपदेशक म्हणून रुजू होताय? आधी शिपाईमामांना भेटा

जून उजाडला की मला फोन यायला लागतात. एम.ए. सायकॉलॉजी नुकतंच झालेलं असतं, एखाद्या संस्थेनं मानधनावर घेतलेलं असतं, आणि पहिला प्रश्न ठरलेला: "ताई, कुठल्या चाचण्या घेऊन ठेवू?" माझं उत्तरही ठरलेलं. चाचण्यांचं मागाहून बघू. आधी शाळेचं वेळापत्रक मागून घे आणि शिपाईमामांशी ओळख करून घे.

मी सोलापूरच्या पूर्व भागात एका मराठी शाळेत समुपदेशक आहे, पाचवी ते दहावीसाठी. मुलांच्या घरी तेलुगू, गल्लीत तेलुगू-कन्नड-हिंदीची मिसळ, शाळेत मराठी, आणि परीक्षेत कुणीच बोलत नाही अशी चौथीच एक मराठी. वडील यंत्रमागावर नाहीतर रिक्षावर, आई घरी विड्या वळते. कॉलेजात शिकलेलं इथे उपयोगी पडतं, नाही असं नाही. पण मूल तुमच्या खोलीत येतं कसं आणि तिथून वर्गात परत जातं कसं, हे नीट बसवलं नाही तर मधल्या अर्ध्या तासात तुम्ही कितीही चांगलं बोला, पाण्यात जातं. म्हणून सुरुवात तिथूनच करते.

बोलावणं आणि परत पाठवणं

वर्गाच्या दारात उभं राहून मामांनी "सातवी ब, अमुक अमुक, समुपदेशनाला चल" असं खणखणीत सांगितलं की मधल्या सुट्टीपर्यंत त्या पोराला 'मेंटल' नाव पडलेलं असतं. त्यानंतर ते तुमच्याकडे येतं ते फक्त जायची वाट बघत बसायला. आमच्याकडे पद्धत अशी आहे: मी घडी घातलेली चिठ्ठी देते, मामा ती बाईंच्या हातात ठेवतात, आणि चिठ्ठीवर एवढंच असतं, "ऑफिसात पाठवा." ऑफिसात मुलांना रोजच बोलावणं असतं. आधार कार्डातलं नाव जुळत नाही, स्कॉलरशिपच्या फॉर्मवर सही राहिली, बँकेचं पासबुक आणलं नाही. त्या गर्दीत तुमचं मूल कुणाच्या डोळ्यांवर येत नाही. हे सगळं मामांच्या हातात आहे, म्हणून पहिला चहा त्यांच्याबरोबर घ्या. शाळेत कोण कुणाला मारतं, कुठली मुलगी गेटवर उगाच रेंगाळते, कुठल्या मुलाला न्यायला कुणी येत नाही, हे त्यांना तुमच्या आधी ठाऊक असतं.

तास कुठला घ्यायचा? खेळाचा कधीही नाही. जे मूल तुमच्याकडे पाठवलं जातं, त्याला बहुतेक वेळा आठवड्यात तेवढी एकच गोष्ट जमत असते, ती आपण काढून घ्यायची नाही. गणिताचाही नको, कारण ते आधीच मागे आहे. उरलेल्यांतला आलटूनपालटून घ्या आणि मुलालाच विचारा, "तुला कुठला तास चालेल?" काही मुलं इतिहास सांगतात, काही थेट त्या सरांचं नाव सांगतात ज्यांच्या तासाला त्यांना बसायचं नसतं. ही माहितीच आहे, पण लगेच चेहऱ्यावर दाखवू नका.

डोळे लाल असताना कुठल्याही मुलाला वर्गात पाठवू नका. शेवटची पाच-सात मिनिटं त्यासाठीच राखून ठेवायची. तोंड धू, पाणी पी, कपाटातली पुस्तकं जरा लावून दे. मग हातात काहीतरी द्यायचं: हजेरीपट, वह्यांचा गठ्ठा, खडूची पेटी. वर्गात शिरताना "बाई, हे ऑफिसातून दिलंय" असं म्हणता आलं की चाळीस डोळे त्या गठ्ठ्याकडे बघतात, चेहऱ्याकडे नाही.

खोली मिळेल ती गॅदरिंगचे मुकुट-भाले आणि मोडके बाक ठेवलेली. त्याचं वाईट वाटून घेऊ नका. मागणी एकच करा: आत कोण बसलंय ते बाहेरून दिसलं पाहिजे, बोलणं ऐकू जाता कामा नये. दाराला काच असली तर उत्तम. यात मुलाचं रक्षण आहे आणि तुमचंही. टेबलाच्या पलीकडे बसू नका, बाजूला बसा. टिश्यूचा डबा मांडून ठेवू नका, इथे रडायचंच असतं की काय असं मुलांना वाटतं. मी खोलीत एक वाचनकोपरा केलाय, गोष्टींची पुस्तकं आणि एक कॅरम. मधल्या सुट्टीत कुणीही यावं. त्यामुळे माझ्या खोलीतून बाहेर पडणं ही बातमी राहिली नाही.

बाईंची चिठ्ठी

शिक्षक मुलं पाठवतात तेव्हा सोबत जे सांगतात ते साधारण असं असतं: "हुशार आहे पण करत नाही." "आगाऊ आहे." "घरातलंच वळण नाही." यावरून काही कळत नाही. मी अर्ध्या पानाची चिठ्ठी छापून घेतली आहे, त्यावर तीनच प्रश्न: तुम्हाला नेमकं काय दिसलं? कधीपासून? तुम्ही वर्गात काय करून पाहिलंत? तिसऱ्या प्रश्नावर सुरुवातीला शिक्षक रागावतात. रागावू द्या, पण प्रश्न काढू नका. एका बाईंनी पहिल्या चिठ्ठीत लिहिलं होतं, "लक्ष नसते." मी म्हटलं, बाई, एक दिवस नुसतं बघा, कधी नसतं? दुसऱ्या चिठ्ठीत आलं: "फळ्यावरचे उतरवताना अर्ध्यात सोडतो. तोंडी विचारले तर सांगतो." अर्धं निदान बाईंनीच करून दिलं. आधी डोळे तपासून घेतले, चष्मा लागला.

मूल भेटून गेलं की दोन दिवसांच्या आत त्या शिक्षकाला गाठा. नाही गाठलं तर पुढच्या वेळी तो मूल पाठवणार नाही, आणि स्टाफरूममध्ये म्हणेल, "काय करतात त्या खोलीत कुणास ठाऊक." पण सांगायचं काय? मुलानं काय सांगितलं ते नाही. शिक्षकानं वर्गात काय करायचं तेवढंच: दोन आठवडे पुढे बसवा, उभं करून वाचायला लावू नका, गृहपाठ निम्मा द्या पण तपासा रोज. "पण झालंय काय त्याला?" हा प्रश्न येणारच. "घरी थोडं अवघड चाललंय, त्याच्याशी बोललेय" इथे थांबायचं. स्टाफरूममध्ये वडापाव आला की सगळ्यांच्या घरच्या गोष्टी बाहेर येतात, तेव्हा तुमचं तोंड वडापावानं भरलेलं असावं.

"तसं केलंस तर समुपदेशनाच्या मॅडमकडे पाठवीन हं!" हे वाक्य शाळेत एकदा तरी कानावर पडेल. स्टाफ मीटिंगमध्ये विषय काढू नका, ज्यांनी म्हटलं त्यांना एकटं गाठून सांगा. चारचौघांत सांगितलेलं शिक्षक विसरत नाहीत.

प्रॉक्सी, म्हणजे गैरहजर शिक्षकाच्या बदली घ्यायच्या तासांबद्दल दोन मतं आहेत. माझ्या ओळखीच्या काही जणी ताठ नकार देतात. मला ते पटत नाही. पहिली सहामाही घ्या अधूनमधून ऑफ तास. पोरांना तुम्ही 'त्या खोलीतल्या बाई' न वाटता शाळेतल्याच एक बाई वाटता, आणि पर्यवेक्षकांवर तुमचं थोडं ऋण राहतं. मात्र ज्या वेळी मूल यायचं ठरलंय तो तास सोडून. पहिल्यांदाच मूल ताटकळलं तर ते दुसऱ्यांदा येत नाही. आणि वेळापत्रकात आठवड्याचा एक हक्काचा तास स्वतःसाठी मागून घ्या, राग, मैत्री, शरीरातले बदल, मोबाइल असं काय काय बोलायला. निम्मी मुलं त्या तासानंतर आपणहून चिठ्ठी टाकतात.

पालकांना बोलावताना

शाळेतून फोन गेला की पालकांना एकच वाटतं, पोरानं काहीतरी केलं. म्हणून पहिलं वाक्य, "तसं काळजीचं काही नाही, तुमच्याशी बोलायचंय." आमच्याकडे आई विड्या वळते. हजार विड्यांमागे मजुरी, माल कारखान्यात नेऊन द्यायचा, तिथे तो तपासून घेतात. सकाळी अकराला या म्हटलं की तिचा दिवस बुडाला. तिला विचारा, माल देऊन झाल्यावर कधी येता येईल. वडील रात्रपाळीचे असतील तर दुपारी झोपलेले असतात. त्या वेळचा फोन म्हणजे रागानं सुरू होणारं बोलणं.

आईला मराठी येत नसेल तर मुलाला दुभाषी करू नका. "तुझ्या आईला सांग की तू रात्री अंथरूण ओलं करतोस," हे त्या पोरानं कुठल्या तोंडानं सांगायचं? मोठ्या बहिणीलाही नको. मी शाळेतल्या एका मावशींना विश्वासात घेतलंय. त्यांना आधीच बजावलंय की इथलं इथेच, आणि त्यांच्या स्वतःच्या गल्लीतलं घर असेल तेव्हा दुसरं कुणीतरी बघते.

मारण्याबद्दल बोलावं लागतंच. "फटके दिल्याशिवाय ऐकत नाही बघा, तुम्हीबी द्या की दोन." हे बाप प्रेमानं सांगतो, शाळेवर विश्वास म्हणून सांगतो. शाळेत मारणं आणि मानसिक छळ करणं शिक्षण हक्क कायद्याच्या (2009) कलम 17 नं बंद आहे, हे त्याला सांगा, पण भाषण नको. मी विचारते, "गेल्या महिन्यात किती वेळा मारलंत? थांबलं का?" तो स्वतःच हसतो. मग पुढचं बोलणं सोपं जातं.

वाचता येत नाही की भाषाच येत नाही?

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण इथे घाई झाली तर चुकीचा शिक्का आयुष्यभर राहतो.

पाचवी-सहावीतलं मूल अडखळत वाचतं, लिहिताना चुकतं. शिक्षक म्हणतात "एलडी आहे," म्हणजे अध्ययन अक्षमता. थांबा. वह्या मागवा, या वर्षीच्या आणि मिळाल्या तर मागच्याही. "माझा पेन्सिल", "तो वही" असल्या चुका दिसल्या तर ते घरचं तेलुगू आहे. मराठीतलं पुस्तक-पेन-वही यांचं लिंग त्या भाषेतून येणाऱ्याला पाठच करावं लागतं. 'घर'चं 'गर' आणि 'भात'चं 'बात' होतं तेही बऱ्याचदा तोंडातल्या उच्चारातून येतं. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांवरून तर काहीच ठरवू नका. त्या निकषावर निम्मा स्टाफ अडकेल. पण ध आणि घ, भ आणि म यांची आठवीतही अदलाबदल, काना-मात्रा गळणं, जोडाक्षर आलं की शब्दच सोडून देणं, पहिलं अक्षर बघून उरलेला शब्द अंदाजानं ठोकणं, पाहून लिहितानाही त्याच चुका, आणि एकाच पानावर एकच शब्द तीन तऱ्हांनी लिहिलेला: हे सगळं एकत्र दिसलं तर कान टवकारा. मग आईला विचारा, तेलुगूत गोष्ट नीट सांगतो का? उशिरा बोलायला लागला का? घरच्या भाषेत पोपटासारखा बोलतो आणि फक्त शाळेतच अडतो, तर आधी भाषा शिकवायची सोय करा, सहा महिने थांबा.

चाचण्यांबद्दलही हेच ध्यानात ठेवा. बिने-कामत चाचणी मराठी आणि कन्नड मुलांसाठी बेतलेली, ती गेल्या शतकाच्या पूर्वार्धातली. फादर मॅलिन यांनी नागपुरात भारतीय मुलांसाठी केलेली बुद्धिमापन चाचणी 1969 ची. दोन्ही आजही वापरात आहेत. घरी तेलुगू बोलणाऱ्या मुलाचा शाब्दिक भागातला गुण कमी आला आणि कृतीच्या भागातला चांगला आला, तर एकूण बुद्ध्यांक सांगून मोकळं होऊ नका. दोन्ही वेगळे लिहा आणि घरची भाषा अहवालाच्या पहिल्या ओळीत लिहा. राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रानं केलेली 'डाली' ही चाचणी मराठीतही आहे, पण ती पहिली ते पाचवीसाठी. प्राथमिक शाळेत असाल तर जरूर बघा.

आणि एक स्पष्ट: नुसत्या एम.ए.वर निदानाचं प्रमाणपत्र आपल्याला देता येत नाही. आपण चाळणी लावतो, कागद जमवतो, पाठवतो. प्रमाणपत्र सरकारी रुग्णालयाकडून होतं. आधी कान आणि डोळे तपासलेले असावेत, वह्यांच्या झेरॉक्स, प्रगतिपुस्तकं आणि शिक्षकांचा अभिप्राय सोबत असावा. एक कागद कमी पडला की पालकांची आणखी एक मजुरी बुडते. दिव्यांग हक्क कायद्यात (2016) अध्ययन अक्षमता धरलेली आहे, आणि राज्यात दहावीला या मुलांना सवलती 1996 पासून मिळतात: जादा वेळ, लेखनिक, आणखी काही. पण ही सुरुवात आठवीत करायची. दहावीच्या दिवाळीत पालकांना जाग आणलीत तर पुणे विभागीय मंडळाकडे प्रस्ताव वेळेत जाणं कठीण.

दोन वेळा, जेव्हा गुपित पाळायचं नाही

पहिल्याच भेटीत मुलाला सांगा: "तू सांगशील ते माझ्याजवळ राहील. पण तुझ्या जिवाला धोका असेल, किंवा कुणी तुला त्रास देत असेल, तर मला मदत मागावी लागेल, आणि तेव्हा मी तुला आधी सांगेन." "कुणाला सांगणार नाही, शप्पथ" असं कधीही म्हणू नका.

एखाद्या मुलानं किंवा मुलीनं लैंगिक अत्याचाराबद्दल सांगितलं तर ऐका, "का गेलीस?" विचारू नका, तपशील उकरू नका, पुन्हा पुन्हा वदवून घेऊ नका. तिचे शब्द तिच्याच भाषेत लिहून ठेवा, तारीख-वेळ घाला. पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या (2012) कलम 19 प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आणि हे बंधन ज्याला कळलं त्या प्रत्येकावर आहे, एकट्या मुख्याध्यापिकांवर नाही. न कळवल्यास कलम 21 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत. तुम्हाला काही सिद्ध करायचं नाही, आणि चांगल्या हेतूनं दिलेल्या माहितीबद्दल कायदा तुम्हाला संरक्षण देतो. "आधी घरच्यांशी बोलू", "संस्थेचं नाव आहे", "मुलीचंच नाव खराब होईल" ही वाक्यं तुमच्यासमोर येतीलच. त्या क्षणी वाद घालू नका, कलम 19 ची छापील प्रत टेबलावर ठेवा. माझ्या खणात ती कायम असते. मुलीचा जबाब तिच्या घरी किंवा तिला सोयीच्या जागी, शक्यतो महिला अधिकाऱ्यानं, गणवेश न घालता घ्यायचा असतो, हेही सांगा. पोलीस स्टेशनच्या धास्तीनं बरेच पालक मागे सरतात. मुलांच्या मदतीचा 1098 हा नंबर खोलीच्या भिंतीवर मोठा लावा. दहावीनंतर मे महिन्यात मुलीचं लग्न ठरवलंय असं कानावर आलं, तर त्यासाठीही तोच.

दुसरी वेळ: "जगावंसं वाटत नाही." सरळ विचारा, "मरून जावं असं मनात येतं का? कसं, काही ठरवलंयस का?" विचारल्यानं डोक्यात नसलेलं येत नाही, उलट कुणीतरी विचारलं म्हणून खांदे सैल पडताना दिसतात. त्या दिवशी मुलाला एकटं घरी सोडायचं नाही, व्हॅनवाल्या काकांबरोबरही नाही. पालक येईपर्यंत सोबत बसा. पालकांना नुसतं "लक्ष ठेवा" सांगून भागत नाही. घरातली औषधं, कीटकनाशकं कुणाच्या ताब्यात राहतील ते नावानिशी ठरवा, मानसोपचारतज्ज्ञांकडे कधी जायचं ते त्यांच्यासमोर फोन करून ठरवा. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीचा 14416 हा नंबर चोवीस तास चालतो, मराठीतही बोलतात. तो वहीत नाही, आईच्या मोबाइलमध्ये सेव्ह करून द्या.

वह्या, फोन आणि तुम्ही

नोंदी दोन ठेवा. एक हजेरीसारखी: तारीख, इयत्ता, वेळ; ती संस्थेला दाखवता येते. दुसरी तुमची, कुलपात, नावाऐवजी क्रमांक. तपासणीला कुणी आलं आणि "जरा केसेस दाखवा" म्हणालं की पहिली पुढे करायची.

पालकांना तुमचा वैयक्तिक नंबर देऊ नका. दिलात तर रात्री अकराला "मॅडम, जेवत नाहीये" असा व्हॉट्सअॅप येतो, सोबत न जेवणाऱ्या मुलाचा फोटो. शिक्षकही हळूहळू स्वतःची दुखणी घेऊन येऊ लागतील. ऐकून घ्या, पण सहकाऱ्याचे समुपदेशक होऊ नका, बाहेरचं चांगलं नाव सुचवा. आणि स्वतःसाठी एक ज्येष्ठ माणूस शोधा, ज्याच्यापुढे महिन्यातून एकदा नावं वगळून केस मांडता येईल. मानधनातून त्याची फी गेली तरी चालेल, या कामात तीच खरी पगारवाढ आहे.

जानेवारीत काही नवं सुरू करू नका. संक्रांतीला सिद्धेश्वरची यात्रा असते, गड्ड्यावर, म्हणजे तिथल्या जत्रेत, पाळणे लागतात, हजेरीपटावर निम्मे वर्ग रिकामे. आणि दहावीच्या पूर्वपरीक्षा त्याच सुमारास. त्या महिन्यात फक्त दहावीवाले बघा: झोप किती, जेवण काय, घरात कोण काय बोलतंय. अभ्यासाचं वेळापत्रक त्यांना पाच जणांनी करून दिलेलं असतं, सहावं नको.

निकाल बहुधा दुपारी एकला ऑनलाइन लागतो. ज्यांची काळजी वाटते त्यांची यादी वर्गशिक्षकांबरोबर आदल्या आठवड्यातच करा आणि सकाळीच त्यांच्या घरी फोन लावा: निकाल लागताना घरात मोठं माणूस हवं, मूल एकटं नको. एक-दोन विषय राहिले तरी एटीकेटीनं अकरावीला जाता येतं, आणि जून-जुलैत पुरवणी परीक्षा असते, हे पालकांना निकालाआधीच माहीत असू द्या. पुरवणीचा फॉर्म शाळेतूनच भरायचा असतो. तारीख जाहीर झाली की ती फळ्यावर तर लिहाच, पण विषय राहिलेली मुलं लाजेनं शाळेकडे फिरकत नाहीत, म्हणून एकेकाच्या घरी फोन करून सांगा, आणि सोबत फोटो किती आणायचे तेही सांगा.